वीतभर जखमेला चार विती दोरा

नाताळ अंकाच्या संपादकांचा निरोप आला, "सिस्टर, रुग्णसेवेतले हृद्य अनुभव लिहून द्या." हृद्य वगैरे मला जमणार नाही. माझा सगळा जन्म ऑपरेशनच्या खोलीत उभं राहण्यात गेला, आणि आमच्या लहानशा इस्पितळात हृदयाला हात लावायची सोय नव्हती. आमचा धंदा पोटाचा. तेव्हा पोटाबद्दलच लिहिते. पोट उघडण्याच्या गोष्टी डॉक्टर लोक सांगतात आणि रंगवून सांगतात. पोट बंद करण्याची गोष्ट कोणी सांगत नाही. ती मी सांगते, कारण त्यात माझाही हात होता.

मी वसईजवळच्या पापडीची. घरी केळीची वाडी, आणि आईचा हात असा राखून की भाजीच्या जुडीचं सुतळीचं टोकसुद्धा ती डब्यात जपून ठेवायची. मुंबईला नर्सिंग शिकले आणि लढाईच्या दिवसांत वसईला परत आले. इस्पितळ म्हणजे बारा खाटा, एक ऑपरेशनची खोली, स्टोव्हवर उकळणारी हत्यारं आणि एक मोठे डॉक्टर. कंपाउंडर रोग्याच्या तोंडावर जाळी धरून ईथर ठिबकवायचा. रोगी जितका जास्त वेळ झोपलेला तितका धोका जास्त, म्हणून डॉक्टर घाईत असत. आत काय बिघडलंय ते दुरुस्त करताना त्यांचा हात सोनाराचा. पण ते काम संपलं की कंपाउंडरला विचारत, "किती झाली मिनिटं?" आणि मग पोट असं झपाट्याने शिवून टाकत की मी सुईत दुसरा दोरा ओवेपर्यंत पहिला संपलेला असायचा.

आता बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगते. पोटाची भिंत एका कापडाची नसते. वर कातडी, खाली चरबी, मग एक पांढरं चिवट अस्तर, मग स्नायू आणि सगळ्यात आत आतड्यांवरचा पातळ पडदा. पोट धरून ठेवायचं काम त्या पांढऱ्या अस्तराचं. कातडी आठवड्यात जुळते. अस्तराला मात्र महिनोन्‌महिने लागतात, आणि तोवर सगळा भार दोऱ्यावर. दोरा जर लांब-लांब टाके घालून, कडेपासून भलतं जाड मांस पकडून, करकचून ओढला तर काय होतं? उकडलेलं अंडं आपण दोऱ्याने कापतो ना, तसं तो दोरा आतल्या आत अस्तर कापत जातो. वरून कातडी छान गुळगुळीत. आत फट. मग त्या फटीतून हळूहळू आतडं डोकं वर काढतं आणि पोटावर फुगा येतो. त्याला हर्निया म्हणायचं.

हे सगळं मला आज ठाऊक आहे. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की दोरा महाग आणि दुर्मीळ आहे. लढाईमुळे परदेशातून काचेच्या नळीत येणारा दोरा बंद झाला होता. आम्ही लिननच्या साध्या रिळावरचा दोरा उकळून वापरत होतो, आणि तोही मिळेल तेव्हा. रीळ माझ्या ताब्यात, कात्री माझ्या हातात. मी दीड हात दोरा कापून द्यायचे, एक बोट जास्त नाही. डॉक्टरांना तो पुरायचा, कारण दोरा कमी दिसला की ते टाक्यांमधलं अंतर वाढवायचे. मेट्रन सगळ्यांसमोर म्हणायच्या, "दोरा कसा वापरावा ते हिच्याकडून शिका." मी मान खाली घालून आतून फुलून जायचे. काटकसरीची शाबासकी वाईट असते, ती माणसाला विचार करू देत नाही.

लढाई संपली. त्यानंतरच्या पावसाळ्यात पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून पास्कूला आणलं.

पास्कू म्हणजे तांडेल. बोटीवर ज्याचा शब्द चालतो आणि ज्याच्या हातात सुकाणू असतं तो तांडेल. वय पस्तिशीचं, छाती कपाटाएवढी. जठराला भोक पडून पोट लाकडासारखं कडक झालं होतं. दोन वल्ह्यांना शीड बांधून त्याची झोळी केली होती आणि चार माणसं चिखलातून त्याला उचलून घेऊन आली होती. डॉक्टरांनी बेंबीच्या वर वीतभर उघडलं, भोक बुजवलं, पोट धुऊन काढलं. मग विचारलं, "किती झाली मिनिटं?" आणि मी दीड हात दोरा पुढे केला.

माणूस वाचला. दहाव्या दिवशी टाके काढले, जखम कशी रेघेसारखी. डॉक्टर खूश, मी खूश. पास्कूची बायको हलवा मासा घेऊन आली आणि आम्ही तो रविवारी खाल्ला. आमच्या लेखी गोष्ट तिथे संपली. सगळ्या गोष्टी तिथेच संपायच्या. आमच्या धंद्यातली मोठी खोट हीच होती, की टाके काढताना जखम जशी दिसते तशी ती कायम राहील असं आम्ही धरून चालायचो.

आठ-नऊ महिन्यांनी तो परत आला. सदऱ्याची बटणं काढून उभा राहिला. डॉक्टरांनी त्या रेघेवर हात ठेवला आणि म्हणाले, "खोक."

तो खोकला. रेघेच्या मधोमध लिंबाएवढा फुगा वर आला आणि परत आत गेला.

"दुखतं?"

"दोर ओढताना दुखते. मंग हात सुटते."

डॉक्टरांनी हात धुतले. धुता धुता मला म्हणाले, त्याला ऐकू जाईल असं, "ही माणसं ऐकतात थोडीच. टाके निघाले की चालले कामाला."  पास्कू खाली फरशीकडे बघत राहिला. मला वाटलं, रागावला असेल. मी त्याला पोटाला बांधायचा रुंद पट्टा दिला आणि पाठवून दिलं.

त्याचा दर्यावरचा शब्द संपला. डोलीचं पिशवीसारखं जाळं भरून आलं की बोटीवरच्या सगळ्यांनी एका दमात दोर ओढायचा असतो. ज्याचा हात सुटतो तो दुसऱ्यांना घेऊन पडतो. सुकाणू त्याच्या धाकट्या भावाकडे, मिंगेलकडे गेलं. आणि पास्कू किनाऱ्यावर बसून शिडं शिवायला लागला. त्या वेळी बोटींना इंजिनं नव्हती, सगळा कारभार शिडावर. पण शिडं शिवणं हे म्हाताऱ्यांचं काम. पस्तिशीतला तांडेल तिथे बसलेला बघून बायका आवाज खाली करायच्या.

एका शनिवारी मी मासळीला पाचूबंदरला गेले तेव्हा तो मला दिसला. मांडीवर शीड, हातात दाभण, दोऱ्याला मेण चोळत होता. मी बघत उभी राहिले. दुसऱ्याचं शिवणकाम दिसलं की माझे पाय आपोआप थांबतात, तो धंद्याचा दोष आहे. शिडाच्या काठाला तो जाड दोर शिवत होता. टाके इतके जवळजवळ, कापडाच्या कडेपासून जेमतेम दाभणाच्या नाकाएवढ्या अंतरावर.

"एवढे बारीक टाके?" मी म्हटलं. "मोठे घेतलेस तर दुपारपर्यंत होईल."

"आनि वारा भरला का संध्याकालपर्यंत फाटंल." त्याने मान वर केली नाही. "शिष्टरबाय, शीड सुका असते तवा लहान असते. वारा भरला, पानी लागला, का ते तानते. दोऱ्याला पन तानाया जागा पायजे. मोठा टाका घेतला का दोरा सरल जाते, त्याला जागाच रेत नाय. मंग तो कापडाला खाते."

"मग जागा कशी ठेवतोस?"

"दोरा जास्ती घालून. हातभर काठाला चार हात दोरा. वर गाठीला आनि धराया येगला." मग त्याने वर बघितलं. अगदी साधा प्रश्न विचारला, टोमणा नव्हता त्यात. "आमच्या पोटाला किती घातलास?"

मी म्हटलं, "लागेल तेवढा."

मासळी न घेताच मी परत निघाले. रस्ताभर डोक्यात हिशेब चालू. वीतभर जखम. चार विती म्हणजे दोन हात. वर गाठींना आणि सुई धरायला एक हात, म्हणजे झाले तीन. मी दिला होता दीड. त्यातला अर्धा हात गाठींत आणि सुईशी गेला असणार. म्हणजे पास्कूच्या पोटात गेला हातभर, पाहिजे होता त्याच्या निम्मा.

इस्पितळात आले आणि कपाट उघडलं. आत सहा रिळं होती, नवी कोरी, वरचा कागदही न काढलेली. लढाई संपल्यावर लगेच आली होती. म्हणजे पास्कूला झोळीतून आणलं त्या दिवशी ती तिथेच होती. दोऱ्याची टंचाई नव्हती. मला कोणी दीड हात कापायला सांगितलं नव्हतं. सवयीने कापत होते आणि शाबासकी मिळत होती म्हणून कापत होते. कपाटाचं दार धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, भीतीही वाटली.

पण माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट डोक्यात शिरली की मी तिच्या मागे हात धुऊन लागते. शिडाची गोष्ट पोटाला खरंच लागू होते का? का मी उगाच स्वतःला कुरतडतेय? म्हणून मी जुने रोगी शोधायला लागले. वसईत ते अवघड नाही. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटला की देवळाच्या पायऱ्यांवर, मंगळवारी बाजारात. कोणी ओळखीचं दिसलं की बाजूला घ्यायचं, पोटावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, खोक. दोन महिन्यांत माझं नाव झालं. मी बाजारात शिरले की टारगट पोरं लांबूनच खोकायची. माझी आई म्हणाली, "तुझं डोकं फिरलंय का? कोणी सून करून घेईल का तुला?" कोणी करून घेतलं नाही ते खरंच, पण त्याला कारणं दुसरीही होती.

जे सापडलं ते माझ्या मनासारखं नव्हतं. सगळ्यांना फुगा आला होता असं नाही. बऱ्याच जणांचं पोट दीड हातावरही निभावलं होतं. बारीक अंगाची, ज्यांना खोकला नाही, ज्यांना ओझं उचलायचं नाही, ती सुटली होती. पण जे फुगे मी पाहिले त्यातला एकही इस्पितळाला ठाऊक नव्हता. माणसं सांगायला आलीच नव्हती. त्यांना वाटायचं, पोट कापलं की असंच होतं.

कामणची सोनूबाई त्यातलीच. बाळंतपणात अडली म्हणून तिचं पोट उघडलं होतं, मूल जगलं होतं. मी सर्व्हिस मोटारीतून उतरून तिच्या गावी गेले तेव्हा ती खाचरात लावणी करत होती. कमरेला जुन्या लुगड्याची जाड घडी आवळून बांधलेली. घडी सोडली तेव्हा बेंबीखाली नारळाएवढा गोळा. मी तिला म्हटलं, पुन्हा शिवता येईल, मी स्वतः तुझ्याबरोबर राहीन.

ती म्हणाली, "एकदा फाडलात, शिवलात, ते फाटला. आता मी कोनाला हात लावू देनार नाय."

मी खूप समजावलं. ती ऐकत होती आणि एकीकडे रोपं लावत होती. चिखलातून निघताना तिने मला घरची काकडी दिली, तेही मला बोचलं. ती कधीच आली नाही. शेवटपर्यंत ती घडी बांधूनच वावरली. पुढे जे कोणी माझ्या हाताखाली शिकायला आलं, त्या प्रत्येकीला मी सोनूबाईचं वाक्य ऐकवलं आहे.

मग डॉक्टरांशी बोलायला पाहिजे होतं. तो काळ असा की नर्सने डॉक्टरला शिवण शिकवायची म्हणजे आ बैल मुझे मार. मी चहाच्या वेळी विषय काढला. सगळं सांगितलं, दोरा, दीड हात, रिळं, शीड, बाजारातले खोकले.  डॉक्टर एकदम लाल झाले.

"म्हणजे माझ्या ऑपरेशनचा न्याय आता पाचूबंदरचा शिडवाला करणार?"

"न्याय नाही, डॉक्टर. पण तुम्ही करून बघा."

"कशावर करून बघू? तुमच्यावर?"

मी म्हटलं, "बोकडावर."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळाच्या मागच्या पडवीत गेले तर डॉक्टर बाह्या वर करून बसलेले. समोर पाटावर बोकडाच्या पोटाची भिंत, खाटकाकडून सांगून आणलेली. आणि बाजूला पास्कू. डॉक्टर मनाने मोठे, पास्कूला त्यांनी स्वतः बोलावणं धाडलं होतं. त्यांनी त्या मांसाचे दोन सारखे तुकडे केले, दोन्हींवर सारखी चीर दिली. एक चीर त्यांनी स्वतःच्या नेहमीच्या पद्धतीने शिवली, माझ्या दीड हातात. दुसरी त्यांनी पास्कूच्या सांगण्यावरून शिवली, नुसतं पांढरं अस्तर पकडून, कडेला बारीक, जवळजवळ. पास्कू मधेच म्हणायचा, "नाय डाक्टर, वढू नको. दोन कडा एकमेकींना लागल्या का बस. आवललास तर कड मरंल." आणि डॉक्टर, ज्यांच्यापुढे मेट्रन तोंड उघडत नसत, टाका सैल करायचे.

मग तुकड्यांच्या वरच्या कडा तुळईला बांधल्या, खालच्या कडांना एकेक बादली अडकवली आणि मी दोन्हींत तांब्या-तांब्याने सारखं पाणी ओतत गेले. पहिल्या तुकड्याकडे बघण्यासारखं होतं. दोरा तुटला नाही, गाठ सुटली नाही. एकेका टाक्याचं भोक लांबत लांबत डोळ्यासारखं उघडलं, आणि मग दोरा मांस कापत कडेला आला आणि बादली खाली. दुसऱ्या तुकड्याची शिवण ताणली, लांबली, पण तिने धरून ठेवलं. मी तिसरी घागर आणायला वळले तेवढ्यात इस्पितळाच्या कुत्र्याने दुसरा तुकडा बादलीसकट खाली ओढला आणि पळवला. त्यामुळे तो किती पाणी पेलला असता हे कधीच कळलं नाही. डॉक्टर इतके गंभीर होते की आम्हाला हसताही येईना.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "बोकड मेलेला होता. जिवंत माणसाचं पोट खोकतं, शिंकतं, त्यात पू होतो. याने सगळं सिद्ध होत नाही."

"होत नाही," मी म्हटलं.

"पण सिस्टर, उद्यापासून तीन हात कापा." मग पास्कूकडे वळून म्हणाले, "तुझं पुन्हा उघडून शिवायची माझी तयारी आहे. पण नीट ऐक. दुसऱ्यांदा शिवलेलं टिकतंच असं नाही. फाटलेल्या कापडाला ठिगळ धरणं जड असतं. हे गेलं तर तिसऱ्यांदा धरायला आत काही उरणार नाही, मग तू कायमचा शिडंच शिवशील."

पास्कूने विचारलं, "आनि टिकला तर?"

"तर सहा महिने काठीसुद्धा उचलायची नाही. मग जा दर्यावर."

भावाने त्याला मुदत दिली होती. मिंगेल वाईट नव्हता, पण बोटीवरची माणसं विचारत होती की तांडेल नक्की कोण. पुढच्या नारळी पौर्णिमेनंतर बोटी पाण्यात उतरतील तेव्हा पास्कू दोर ओढू शकला तर सुकाणू त्याचं, नाहीतर मिंगेलचं, कायमचं. आम्ही नाताळ झाल्यावर लगेच ऑपरेशन धरलं.

त्या दिवशी मी तीन हात दोरा कापला, आणि डॉक्टर मागतील म्हणून आणखी तीन हात तयार ठेवला. त्यांनी जुन्या जखमेचं सगळं कुजकं-पातळ काढून टाकलं, दोन्हीकडचं चांगलं अस्तर मोकळं केलं आणि शिवायला घेतलं. बारीक, जवळजवळ, न आवळता. कंपाउंडरने सवयीने सांगितलं, "डॉक्टर, मिनिटं..." त्यांनी मान वर न करता म्हटलं, "घड्याळ खिशात ठेव." मी प्रत्येक टाका बघत होते. पोट शिवून झाल्यावर पहिल्या तीन हातांतला उरलेला दोरा मी मोजला. जेमतेम वीतभर उरला होता. एवढी उधळपट्टी करून इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं.

मग वाट बघणं. ते सहा महिने त्याच्यापेक्षा मला जड गेले असतील. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तो मिस्साहून परस्पर इस्पितळात यायचा, सदरा उघडून उभा राहायचा, मी रेघेवर हात ठेवायचे आणि तो खोकायचा. हाताखाली घट्ट. त्याची बायको दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघायची. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः हात ठेवला, तीनदा खोकायला लावलं, आणि म्हणाले, "जा."

पहिल्या खेपेची बोट परत यायच्या वेळी मी धक्क्यावर जाऊन उभी राहिले. सांगायला मासळीचं निमित्त. सुकाणूवर पास्कू होता. त्याने लांबूनच मला बघून सदरा वर केला आणि पोटावर थाप मारली. आजूबाजूच्या कोळणींना काय वाटलं असेल ते असो.

आता गोष्ट इथे संपवली तर संपादक खूश होतील. पण एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नव्हती, म्हणजे पास्कूला. त्याला वाटत होतं, लढाईत दोरा मिळत नव्हता म्हणून कमी पडला. डॉक्टरांनीच बोकडाच्या दिवशी माझी बाजू राखून तसं सांगितलं होतं, आणि मी गप्प राहिले होते. सहा रिळं कपाटात होती हे त्याला ठाऊक नव्हतं. तो दर वर्षी नाताळच्या आधी यायचा, पोट दाखवायचा, खोकायचा, मासळी ठेवून जायचा. आणि दर वर्षी मी म्हणायचे, पुढच्या वर्षी सांगेन. भित्रेपणाला सबबी कमी पडत नाहीत.

वर्षं गेली. बोटींना इंजिनं यायला लागली. त्या नाताळला तो आला तेव्हा सांगत होता की त्याच्याही बोटीला इंजिन बसणार, आता शीड फक्त वेळप्रसंगाला. केस पिकले होते, छाती तशीच. मी नेहमीसारखा रेघेवर हात ठेवला. तो खोकला. घट्ट. आणि मला काय झालं कोण जाणे, हात तसाच ठेवून मी सांगून टाकलं.

"पास्कू, पहिल्या वेळी दोरा कमी नव्हता. कपाटात सहा रिळं भरलेली होती. मीच कापला कमी. मला कोणी सांगितलं नव्हतं. तुझी बोट गेली ती माझ्या कात्रीने."

मी त्याच्या तोंडाकडे बघू शकले नाही, हाताकडेच बघत होते.

मग तो हळूच म्हणाला, "बाय, मी पन तुना सांगला नाय."

"काय?"

"टाके काढून चार दिस जाले होते. वादल आला. बोट वर वढत होते सगले. आमच्याकं बोट वर घेताना जो किनाऱ्यावर हाय त्यानं दोराला हात लावायचा, तो मग पाव्हना असला तरी. तांडेल हात बांधून उभा रेला तर त्याला कोन तांडेल बोलंल? मी लावला हात. आत कायतरी टचकन जाला. डाक्टर बोलला ना, ही मानसं ऐकत नाय, तवा मी खाली बघलो. मना वाटला, याला कलला. फादरला सांगला होता कुमसारात, पाप कबूल कराया बसलो तवा. तुना सांगाया लाज वाटली. तू एवढी धावपल केलीस, बोकड काय, बादल्या काय. मी म्हटला, हिला कशाला सांगू का पाप माझा हाय."

म्हणजे एवढी वर्षं तो आपल्या पोटातलं पाप घेऊन माझ्याकडे येत होता आणि मी माझं घेऊन त्याच्या पोटावर हात ठेवत होते. दोघेही एकमेकांना फसवल्याच्या ओझ्याखाली. मग नक्की चुकलं कोणाचं? दोऱ्याचं, दोराचं, का वादळाचं? नीट शिवलेलं असतं तर तो एक हिसका सोसला असता का? बोकड तर कुत्र्याने नेला. मी अजूनही विचार करते आणि मला अजूनही ठाऊक नाही.

मी म्हटलं, "म्हणजे मी उगाच दहा वर्षं झोप घालवली?"

"आनि मी तुना उगाच दहा वर्सं पापलेट दिला?"

तो हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्याने. दर्यावर हाक मारायची सवय असलेला माणूस, त्याचं हसणं अख्ख्या वॉर्डात गेलं. मेट्रन दारात आल्या आणि बघत राहिल्या. खोकल्यापेक्षा हसण्याने पोटाला जास्त हिसके बसतात, हे मला पहिल्यांदाच कळत होतं. त्याचं पोट गदगदा हलत होतं.

त्याने डोळे पुसले आणि सदऱ्याचं बटण लावायला लागला. "जाऊ? का आनिक एकदा खोकू?"

"खोकू नको," मी म्हटलं. "हस अजून जरा."

तो पुन्हा हसला, आणि मी हात तिथेच ठेवला. शिवण हलली नाही.